कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? दुकानात नेण्याआधी घरीच माग काढा

घरचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो, नाहीतर आपोआप रीस्टार्ट होतो. दहा दिवस सहन करून शेवटी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात न्यावं, तर तिथे तो दोन दिवस सुरळीत चालतो. मग विंडोज नव्यानं टाकून मिळतं, पैसे जातात आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या मावशीच्या घरी हे दोनदा झालं. तिसऱ्या वेळी रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती) बदलली. तरी संध्याकाळी मशीन बंद पडायचंच.

दुकानात बिघाड दिसत नाही याचं कारण साधं आहे. तिथली वीज वेगळी, खोलीतली हवा वेगळी, आणि तुमचा प्रिंटर, तुमचा एक्स्टेन्शन बोर्ड, तुमचा यूपीएस तिथे नसतो. बिघाड घरात होतो, म्हणून त्याचा मागही घरातच काढावा लागतो. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. वही, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर एवढं पुरतं. खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमानं दिल्या आहेत: आधी बिनखर्चाच्या आणि मागे घेता येण्यासारख्या, मग खर्चाच्या. उदाहरणं विंडोज १० आणि ११ ची आहेत, कारण घरोघरी तेच असतं.

पायरी १ : आधी फाइली बाहेर काढा

सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर कधी कायमचा बसेल याचा नेम नाही. फोटो, मुलांचे दाखले, बँकेची आणि इन्कम टॅक्सची कागदपत्रं, टॅलीचा डेटा, जे काही पुन्हा मिळणार नाही ते आज बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. 'डी ड्राइव्हवर कॉपी आहे' यावर विसंबू नका. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

नव्या विंडोज ११ मशीनवर आणखी एक काम करून ठेवा. त्यांतल्या अनेकांची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) काही बदललं किंवा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) बदलला की सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जतन झालेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून अकाउंट उघडून ती कागदावर उतरवून घ्या. ही की नसेल तर आतला डेटा कुणालाच परत काढता येत नाही, दुकानदारालाही नाही.

पायरी २ : वही घाला

मी मावशीला फोनवर एवढंच सांगितलं होतं: "मावशी, आता काही बदलू नकोस. बंद पडला की फक्त वेळ लिहून ठेव, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं तेही." तिनं दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांत सहा नोंदी झाल्या. सगळ्या संध्याकाळी सातच्या आगेमागे. चार नोंदींपुढे तिनं लिहिलं होतं, "पाणी आलं."

सात वाजता सोसायटीच्या टाकीचा पंप सुरू होत होता. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर दिवे मंद व्हायचे, आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद पडायचा. रॅम, विंडोज, व्हायरस यांचा काही संबंध नव्हता. नोंद नसती तर चौथ्या वेळी मदरबोर्ड बदलला गेला असता.

तुम्हीही आठ दिवस हेच करा. तारीख, वेळ, कोणता प्रोग्रॅम चालू होता, सुरू करून किती वेळ झाला होता, स्क्रीनवर काय आलं, घरात आणखी काय चालू होतं: फ्रिज, मिक्सर, गिझर, इस्त्री. अशा नोंदींतून जे दिसतं ते साधारण असं असतं. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, दुपारी जास्त, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या वेळी बंद पडत असेल तर संशय उष्णतेवर. ठरावीक वेळी किंवा एखादं यंत्र सुरू होताना बंद पडत असेल तर विजेवर. एकच प्रोग्रॅम उघडला की होत असेल तर त्या प्रोग्रॅमवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण आणि विंडोज यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम). कसलाच मेळ लागत नसेल, दरवेळी वेगळा एरर येत असेल, तर रॅमवर.

पायरी ३ : 'बंद पडतो' म्हणजे नक्की काय?

लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना 'बंद पडला' म्हणतात, आणि चारींची वाट वेगळी आहे.

फक्त एखादा प्रोग्रॅम मिटतो आणि बाकी सगळं चालू राहतं, तर कॉम्प्युटर ठीक असण्याची शक्यता जास्त. तो प्रोग्रॅम अपडेट करा किंवा काढून पुन्हा टाका. माऊस आणि घड्याळ जागच्या जागी गोठतं, म्हणजे हँग होतो, तेव्हा डिस्क, रॅम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर पाहावा लागतो. निळी स्क्रीन येते, तेव्हा विंडोजला चूक लक्षात आलेली असते आणि ती नोंदवून ते स्वतः थांबलेलं असतं. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ही स्क्रीन काळी झाली आहे, त्यामुळे काळी स्क्रीन दिसली तरी तीवरची अक्षरं वाचा.

चौथा प्रकार म्हणजे काहीही न सांगता खटकन अंधार. दिवा मालवावा तसा. इथे विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता हे तीन आधी पाहायचे.

निळी स्क्रीन वाचण्याआधीच मशीन रीस्टार्ट होत असेल तर ते थांबवता येतं. स्टार्टमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. आता स्क्रीन तशीच थांबेल. मोबाइलनं तिचा फोटो काढा.

पायरी ४ : विंडोजनं लिहून ठेवलेलं वाचा

स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' असा पर्याय येईल. उघडल्यावर दिवसांचे उभे रकाने दिसतात आणि गडबड झालेल्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते कळतं. महत्त्वाचं म्हणजे त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी कोणता प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा अपडेट बसवलं गेलं तेही त्याच तक्त्यात दिसतं. नवख्या माणसासाठी विंडोजमधली ही सगळ्यात उपयोगी खिडकी आहे, आणि फार थोड्यांना ती माहीत असते.

थोडं खोलात जायचं असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम'. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढाच. पॉवर हा शब्द बघून लगेच एसएमपीएस बदलायला धावू नका. तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक-कोड' बघा. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदली गेलेली नाही, म्हणजे वीज गेली किंवा मशीन पूर्ण गोठलं. शून्य नसेल तर विंडोजनं कारणाचा कोड ठेवलेला आहे. ही नोंद पुन्हा सुरू होतानाची असते. बंद पडल्याची वेळ हवी असेल तर जवळच '६००८' क्रमांकाची नोंद शोधा. तिच्या मजकुरात ती वेळ असते. वहीतल्या वेळेशी ती ताडून पाहा.

निळ्या स्क्रीनवरचा स्टॉप कोड दिशा दाखवतो, निकाल देत नाही. तरी काही नेहमीचे कोड ओळखून ठेवावेत. 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' आलं तर आधी रॅम तपासा. नावात 'आयआरक्यूएल' असेल तर बहुतेकदा ड्रायव्हर. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर वेळेत उत्तर देत नाही. 'कर्नल डेटा इनपेज एरर' दिसलं तर डिस्क आणि तिची केबल. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' ही प्रत्यक्ष हार्डवेअरनं केलेली तक्रार असते: प्रोसेसर, त्याची उष्णता, त्याला मिळणारी वीज. खाली एखाद्या फाइलचं नाव असेल आणि शेवटी टिंबानंतर 'एसवायएस' असेल, तर ते बहुधा ड्रायव्हरचं नाव. तेही लिहून घ्या.

पायरी ५ : शेवटचा बदल मागे घ्या

वहीतली पहिली नोंद कोणत्या तारखेची आहे? त्याच्या आधीच्या आठवड्यात काय नवीन आलं? नवा प्रिंटर, वायफायचा डोंगल, वाढवलेली रॅम, दुसरा अँटिव्हायरस, मोठं अपडेट. जे नवीन आलं ते काढून ठेवा आणि चार दिवस पाहा.

ड्रायव्हर अपडेट झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. विंडोज अपडेटच्या 'अपडेट हिस्ट्री'मधून ताजं अपडेट काढताही येतं. विंडोज सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जा: लॉगिनच्या स्क्रीनवरच शिफ्टचं बटण दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा, मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', आणि यादी आल्यावर ४. सेफ मोडमध्ये तासभर मशीन शांत चाललं तर संशय ड्रायव्हरवर किंवा मागे चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर पक्का होतो.

चांगलं हार्डवेअर एका प्रोग्रॅमनं कसं लोळवता येतं याचं उदाहरण १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्या मशीनचा एकही भाग खराब नव्हता. अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात, म्हणून त्यांची चूक सगळं पाडते. घरच्या कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस एकदम असतील तर एक आजच काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे.

आणखी एक: विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर झोपवून ठेवला जातो. कोणताही बदल केल्यावर 'रीस्टार्ट'च करा.

पायरी ६ : उष्णता

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली २५ अंशांवरून ४२ वर गेली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात दुपारी बंद पडणारा आणि रात्री नीट चालणारा कॉम्प्युटर हेच सांगत असतो.

तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यू-इन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे, एएमडी कंपनीच्या अनेक रायझन प्रोसेसरची ९५ ची. मर्यादेजवळ गेले की ते आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतात. नुसता ब्राउझर उघडा असताना ८० च्या वर आकडा दिसत असेल तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

मेन स्विच बंद करा, पॉवर कॉर्ड काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरतो. मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन गॅलरीत धूळ काढा. फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ती भरधाव फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते. कोकणात कॅबिनेटमध्ये मुंग्यांची वारुळं आणि पालीची अंडी सापडणं नवीन नाही. मागच्या, कार्डांसाठी असलेल्या मोकळ्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्या.

मग प्रोसेसरवरचा फॅन बघा. इंटेलबरोबर येणारे बरेच फॅन चार प्लास्टिक खुंट्यांवर बसतात. चारांतली एक खुंटी सुटलेली असली की हीटसिंक एका बाजूनं उचलला जातो आणि प्रोसेसर भाजून निघतो. वरून पाहिलं तर फॅन फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हलक्या हातानं चारही कोपरे दाबून पाहा.

थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) चार-पाच वर्षांत वाळलेली असू शकते. जुनी पेस्ट पूर्ण पुसून मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची, जास्त लावल्यानं जास्त थंड होत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती खाच) मात्र सांभाळा: पेस्ट चिकटलेली असली की हीटसिंक ओढताना प्रोसेसरही उपसून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून ती गरम करा, बंद करून कॉर्ड काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे थोडा फिरवून सोडवा.

लॅपटॉपचं थोडक्यात: गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालची जाळी झाकली जाते.

पायरी ७ : वीज

माझ्या मते आपल्याकडे याच पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण कॉम्प्युटरवाला भिंतीपर्यंत पाहत नाही आणि वायरमन कॉम्प्युटरपर्यंत पाहत नाही.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज क्षणभर गेली तरी साधारण १६ मिलिसेकंद पुरेल एवढा साठा कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) असतो. यूपीएस बॅटरीवर जायला जो अगदी छोटा वेळ घेतो तो याच साठ्यावर निभावतो. एसएमपीएस जुना झाला, कपॅसिटर वाळले की साठा कमी होतो, आणि दिवा नुसता लुकलुकला तरी मशीन बंद पडतं. मावशीकडे दोन्ही जमून आलं होतं: यूपीएसची बॅटरी संपलेली आणि एसएमपीएस आठ वर्षांचा.

यूपीएस तपासणं सोपं आहे. सगळ्या फाइली सेव्ह करून मिटवा, कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवा. मग यूपीएस ज्या स्विचवर आहे तो भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग उपसू नका, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहील. कॉम्प्युटर लगेच बंद पडला तर बॅटरी गेली. घरगुती यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दमते. पूर्ण यूपीएस नव्यानं घ्यायची गरज नसते, नुसती बॅटरी मिळते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिच्यात शिसं असतं. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा हीटर एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस हात टेकतो.

मग प्लग पाहा. सॉकेटमध्ये सैल बसतो का? कडेनं काळपट किंवा वितळल्यासारखं दिसतं का? कॉर्ड हलवल्यावर मशीन बंद पडतं का? दुसऱ्या कॉम्प्युटरची किंवा मॉनिटरची पॉवर कॉर्ड लावून चार दिवस वापरून पाहा, बहुतेकदा ती तशीच असते. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडलेला असेल तर आजच सोडवा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे किंवा मुळातच नाही. हे कॉम्प्युटरपुरतं नाही, माणसाच्या जिवाचं काम आहे. आधी मशीन वापरणं थांबवा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. स्वतः टेस्टर घेऊन बोर्ड उघडू नका.

एसएमपीएसचे आकडे बायोसमध्ये 'हार्डवेअर मॉनिटर'खाली दिसतात. १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५. हे आकडे अगदी अचूक नसतात, पण ११.२ सारखं काही दिसलं तर एसएमपीएस बदलून पाहायला हरकत नाही. शक्यतो ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा, लगेच विकत घेऊ नका. आणि जुना उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. त्याच्या आत ३०० व्होल्टच्या वर विद्युतभार साठलेला असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही काळ राहतो.

पायरी ८ : रॅम

विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' आहे, पण ते सौम्य आहे. मेमटेस्ट८६ प्लस हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. सकाळी एररचा आकडा शून्यच हवा. हजारांत एकच एरर आली तर चालेल का, असं विचारतात. नाही. एकही चालत नाही.

एरर आली तरी लगेच रॅम टाकून देऊ नका. बायोसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. ती रॅम जास्त वेगानं पळवण्याची सेटिंग असते आणि प्रत्येक मदरबोर्डाला ती पेलत नाही. मग रॅम काढून पट्टीच्या सोनेरी टोकांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. आपल्याकडे खोडरबरानं घासायची पद्धत आहे आणि तिनं बऱ्याचदा काम होतं, पण फार जोरात घासलं तर सोन्याचा मुलामाच निघतो आणि रबराचा कीस स्लॉटमध्ये अडकतो. पुन्हा बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन लागल्या पाहिजेत.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून वेगवेगळी चाचणी घ्या. एका पट्टीवर एरर, दुसरीवर नाही, तर दोषी सापडली. दोन्ही पट्ट्यांवर एकाच स्लॉटमध्ये एरर येत असेल तर दोष मदरबोर्डाचा. रॅम वाईट निघाली तर बिल शोधा. नामांकित कंपन्यांच्या रॅमची वॉरंटी बरीच लांब असते आणि लोक ती वापरतच नाहीत.

पायरी ९ : डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची तब्येत-नोंद वाचून दाखवतं. हिरव्या-निळ्या खुणेवर समाधान मानू नका, हार्ड डिस्क असेल तर चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या. हे आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. सी७ मात्र वेगळी गोष्ट सांगते: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातलं बोलणं तुटतंय. तेव्हा आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी) बदलून पाहा. डिस्कच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर 'चेकडिस्क' (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास पळवतं. आधी फाइली, मग बाकी सगळं.

पायरी १० : मशीन की विंडोज?

इथवर काही हाती लागलं नाही तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्हवर घ्या आणि काहीही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच, 'ट्राय' हा पर्याय निवडून, कॉम्प्युटर चालवा. दिवसभर व्हिडिओ लावून ठेवा, ब्राउझर वापरा. तिथेही बंद पडला तर दोष यंत्रात आहे, विंडोज कितीही वेळा टाकलं तरी फरक पडणार नाही. तिथे नीट चालला आणि विंडोजमध्येच बंद पडला, तर दोष विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्क यांत. बिनपैशाची ही एक परीक्षा अर्धा गोंधळ संपवते.

मग दोष विंडोजकडे निघाला तरच त्याला हात लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' आहे. ते फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज नव्यानं बसवतं. पूर्ण फॉरमॅट ही त्यानंतरची गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्यानं टाकायचंच असेल आणि मशीन पात्र असेल तर ११ टाका.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा, जास्त ताकदीचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर एक खास गोष्ट. त्यातल्या काहींना जास्त व्होल्टेज दिलं जाऊन ते कायमचे कमकुवत होतात, हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ताजं बायोस टाका. मात्र चालू यूपीएसवरच. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर मदरबोर्ड उठतच नाही असं होऊ शकतं.

दुकानात जाताना

'सारखा बंद पडतो' एवढंच सांगू नका. वही उघडून दाखवा: केव्हा, काय चालू असताना, कोणता कोड, काय तपासलं, काय निघालं. मेमटेस्ट रात्रभर शून्य आला, तापमान ७० च्या आत आहे, लिनक्सवरही बंद पडतो, हे ऐकल्यावर कुणी थेट फॉरमॅट सुचवत नाही. बंद पडायला कारण ठरणारी वस्तू घरातच असेल, उदाहरणार्थ यूपीएस किंवा पॉवर कॉर्ड, तर तीही सोबत न्या. मशीनवर पाहुण्यांसाठी वेगळं युजर अकाउंट उघडून त्याचाच पासवर्ड द्या. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका, असं पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा.

मावशीकडे शेवटी यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस एवढंच बदललं. सात वाजता पंप अजूनही सुरू होतो, दिवे अजूनही मंद होतात. तिनं पुढचे पंधरा दिवस वहीत वेळ लिहायला जागा सोडली होती. ती कोरीच राहिली.